दुसऱ्या भेटीची आंघोळ

माया गजभिये अंकुशच्या अंगणात पोचली तेव्हा दुपारचे सव्वादोन झाले होते आणि त्या घरात कोणीही तिची वाट पाहत नव्हतं.

नरखेड तालुक्यातलं गाव. एसटी फाट्यावर सोडून पुढे निघून गेली. तिथून संत्र्यांच्या बागांमधला दीड किलोमीटरचा रस्ता ती तोंडाला दुपट्टा गुंडाळून चालत आली होती. काम पाच मिनिटांचं. संमतीपत्राच्या एका पानावर अंकुशची सही राहून गेली होती, आणि मुलाखतीच्या आधी सगळे कागद पुरे हवेत असा संशोधनाला पैसे देणाऱ्या ट्रस्टच्या ऑफिसातून आदल्या दिवशी मेल आला होता. मुलाखत शुक्रवारी. आज मंगळवार. सकाळपासून चार वेळा फोन लावला, तो बंदच लागला, म्हणून ती तशीच निघाली. फोन लागला असता तर तिला काहीच कळलं नसतं.

अंकुश ओसरीवरच्या खाटेवर पडला होता. अंगात नुसतं बनियन, तेही घामानं चिकटलेलं. लाइन गेलेली, कूलर मुका. तिला पाहून तो गडबडीनं उठायला गेला आणि डावा पाय काही खाटेवरून उतरेना. शेवटी त्यानं दोन्ही हातांनी मांडी उचलली आणि पाय खाली ठेवला, दुसऱ्या कोणाचं सामान बाजूला सरकवावं तसा.

मायानं पिशवी खाली ठेवली. तीन आठवड्यांपूर्वी हाच माणूस तिच्यासमोर पंचवीस फूट नऊ सेकंदांत चालून गेला होता. तिच्या अर्जाच्या चौथ्या पानावर बत्तीस रुग्णांचा आलेख होता, आणि त्यातली सगळ्यात मोठी सुधारणा अंकुशची होती.

आजाराचा नवा झटका आला असणार असं धरून तिनं विचारपूस सुरू केली. डोळ्यांपुढे धुकं येतं का, लघवी अडते का, हाताची पकड गेली का. अंकुशला उलट हसू आलं. नवीन काही नव्हतं. दुपारचं रोज असंच होतं, म्हणाला, सूर्य खाली गेला की पाय परत येतात.

तेवढ्यात त्याची बायको प्रीती आतून आली. आधी नवऱ्याला सदरा घालायला लावलं, मग मायासमोर पाण्याचा गडू ठेवला, आणि तोंड बारीक करून म्हणाली, "फोन तं करा लागत होता मॅडम. आज त्याइची आंघोय नाई झाली न."

"आंघोळ?"

"मांगच्या खेपेस तुमचा फोन आला तं मी विहिरीच्या पान्यानं चार बादल्या घातल्या होत्या. तुमी दवाखान्यातून येनार, अन् हे असे घामेजलेले बसनार, बरं दिसते का?"

"आणि त्याच्याही आधी? मी पहिल्यांदा आले होते तेव्हा?"

"तवा आमाले का मालूम तुमी कोन? आमाले वाटलं सर्वेवाली असन कोनी."

प्रीती हे सहज बोलून गेली. मायाच्या हातातला गडू मात्र तसाच राहिला. मग ती उठली, पिशवीतून टेप काढला, अंगणात पंचवीस फूट मोजून दोन टोकांना दोन विटा ठेवल्या, आणि अंकुशला तसंच, घामेजलेलं, चालायला सांगितलं. भिंतीला हात लावत सतरा सेकंद लागले. मग तिनं प्रीतीला सांगितलं, त्या दिवशी घातली होती तशीच आंघोळ घाला. तितकंच पाणी, तितकाच वेळ.

अर्ध्या तासानं ओल्या केसांचा अंकुश पहिल्या विटेशी उभा राहिला. त्याच्या गळ्यात दुसऱ्या भेटीत मायानं घातलेला गार पट्टा नव्हता, आणि तो नसणं हाच सगळा मुद्दा होता. तो चालला. मायानं घड्याळ थांबवलं आणि आकडा दोनदा वाचला. नऊ पूर्णांक एक.

"पाहा," प्रीती खुशीत म्हणाली, "आंघोय केली का कसे फस्कलास चालतेत."

सही घ्यायची मायाला आठवणच राहिली नाही. ती फाटकापर्यंत गेल्यावर अंकुशनंच हाक मारली, "मॅडम, कागद कोनता होता मंग?"

माया नागपुरातल्या इंदोऱ्याची, बौद्ध वस्तीत वाढलेली. वय चौतीस. बाप बळीराम कूलर दुरुस्त करतो. फेब्रुवारी संपला की त्याच्या दुकानापुढे कूलरचे सांगाडे ओळीनं उभे राहतात. कोणाचा पंप बदलायचा, कोणाच्या ताट्यांत वाळ्याचं नवं खस भरायचं, कोणाच्या टाकीला डांबर लावायचं. धंदा चार महिन्यांचा, पण घर बारा महिने चालतं. मायानं फिजिओथेरपी केली, मग मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांच्या चालण्यावर पीएच.डी. केली, आणि तेव्हापासून शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात मेंदूविकार विभागात कंत्राटावर होती.

आजाराचं नाव बळीरामला आजवर एकदाही धड घेता आलेलं नाही. आजार मात्र त्याला चटकन कळला. मेंदूतल्या आणि पाठीच्या कण्यातल्या नसांवरचं वेष्टण शरीर स्वतःच कुरतडून टाकतं, असं मुलीनं सांगितल्यावर तो म्हणाला होता, "म्हनजे वायरवरचं पिलाष्टिक सोललं का करंट गयते, तसं. अन् वायर तापली का अजूनच गयत असन." तसंच होतं. अंग तापलं की या रुग्णांचे पाय जड होतात, नजर अंधूक होते. अंग निवलं की दोन्ही परत येतात. आणि इथे तर सेहेचाळीस डिग्रीचं गाव. मे महिन्यात माणूस लटपटला की घरचे कांदा फोडून नाकाशी धरतात, कैरीचं पन्हं पाजतात आणि ऊन लागलं म्हणून मोकळे होतात. अंकुशचे तीन उन्हाळे त्यातच गेले. चौथ्या वर्षी भर डिसेंबरात एका डोळ्यानं दिसेनासं झालं, तेव्हा कुठे एमआरआय झाला.

यावर काम करावं असं मायाच्या मनानं घेतलं, पण त्यासाठी पैसे कोण देणार? मधुमेहाला मिळतात, क्षयाला मिळतात. ज्या आजाराचे आठवड्याला दोन रुग्ण बाकावर बसतात, त्याच्यावर नव्या पोरापोरींनी काम करावं म्हणून पैसे ठेवणारे सगळ्या देशात शोधले तरी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यातला हा एक ट्रस्ट. दरवर्षी तीन तरुण संशोधक निवडायचा, तीन वर्षं त्यांचा पगार आणि कामाचा खर्च द्यायचा. एक अट मोठी होती. पीएच.डी. होऊन पाच वर्षं उलटलेली नसावीत. मायाची पाच वर्षं येत्या जुलैत भरत होती. आधी दोनदा तिचा अर्ज पहिल्याच चाळणीतून खाली पडला होता. यंदा आठ जणांना मुलाखतीला बोलावलं, त्यात तिचं नाव आलं. हे हुकलं की ती 'नवी' राहणार नव्हती, आणि जुन्यांच्या रांगेत उभं राहायला लागते तशी कायमची नोकरी तिच्याकडे नव्हती. कंत्राट तीस जूनपर्यंत. पुण्याच्या एका क्लिनिकनं गुडघे आणि कंबरदुखीच्या पेशंटसाठी तिला बोलावलं होतं; तेही महिनाअखेरपर्यंतच थांबणार होते.

तिची कल्पना साधी होती. परदेशात या रुग्णांना अंगात घालायला गार जेलची जाकिटं मिळतात. बळीरामनं सुती कापडाच्या नळीत खस भरून गळपट्टा शिवला. माठाच्या पाण्यात बुडवायचा, पिळायचा, गळ्यात घालायचा. बत्तीस पट्टे शिवायला त्याला महिना लागला, कारण सीझन होता आणि गिऱ्हाईक दारात उभं होतं. मायाला मात्र थांबायला वेळ नव्हता. म्हणून पहिल्या भेटीत तिनं सगळ्यांना बिनपट्ट्याचं चालवलं आणि दुसऱ्या भेटीत पट्टा घालून. दुसऱ्या भेटीत माणसं सरासरी अडीच सेकंद लवकर चालली. पट्ट्याचा गुण, असं तिनं अर्जात लिहिलं. आता एसटीच्या तापलेल्या पत्र्याला डोकं टेकून ती बसली होती आणि तिच्या डोळ्यांसमोर बत्तीस घरांच्या बत्तीस न्हाण्या येत होत्या.

बुधवारी सकाळी तिनं विभागप्रमुखांना, डॉ. सुमंत बक्षींना, सगळं सांगितलं. सरांनीच तिचं कंत्राट तीनदा वाढवून घेतलं होतं, अर्जाचं एकेक वाक्य तिच्याबरोबर बसून घासलं होतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"एका माणसाची आंघोळ झाली होती. बाकीच्यांचं तुला माहीत आहे का?"

"नाही."

"मग विचारू नकोस. शुक्रवारनंतर विचार. मर्यादांच्या स्लाइडवर एक ओळ टाक, घरगुती सवयींवर नियंत्रण नव्हतं म्हणून. खोटं आहे का ते?"

खोटं नव्हतं. सर पुढे जे बोलले ते तिला जास्त लागलं. तू पुण्याला गेलीस की या गावात हे काम पुन्हा दहा वर्षं कोणी हातात घेणार नाही, म्हणाले. तुझ्या खरेपणाचा मी आदर करीन, पण अंकुशला त्या आदराचा काय उपयोग? ती एवढंच म्हणाली की आधी विचारून घेते. सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पुढची फाइल ओढली.

असा फोन तिनं आयुष्यात केला नव्हता. एकेका घरी विचारायचं काय, तर तुम्ही आंघोळ कधी केली होती. मानेवाड्याची एक बाई म्हणाली, तुम्ही येणार म्हणून दोनदा केली, केसही धुतले. इतवारीतला भांड्यांचा दुकानदार म्हणाला, दुसऱ्या वेळी मी दुकानच उघडलं नाही, नहाधोके बैठा था. कोणी सांगितलं की कूलरही तासभर आधीपासून लावून ठेवला होता, मॅडमले गरमी नको व्हायले. एका मुलीनं प्रश्न ऐकून फोनच ठेवला. पाच मिनिटांनी तिच्या भावाचा फोन आला. "काहून वं, आमच्या बहिनीले आंघोळीचं काहून विचारून राहिल्या तुमी?" मायानं त्याला नसा, ऊन, पंचवीस फूट, सगळं समजावलं. त्यानं ऐकून घेतलं आणि मग जरा नरम होऊन म्हणाला, "केली होती न. मीच टँकरचं पानी भरून देल्लं होतं."

सगळ्यांची हकीकत एकच. पहिल्या वेळी ती कोण हे कोणालाच ठाऊक नव्हतं. त्या भेटीत ती त्यांच्याकडचा चहा प्यायली, त्यांचे पाय हातात धरून बसली, म्हाताऱ्यांची गाऱ्हाणी ऐकून घेतली. म्हणून दुसऱ्या वेळी घरानं माणसाला न्हाऊ घातलं, धुतलेले कपडे चढवले आणि खुर्चीत बसवून ठेवलं. तिच्या मानापायी तिचा प्रयोग बुडाला होता.

संध्याकाळपर्यंत एकतीस जणांशी बोलून झालं. बावीस जण दुसऱ्या भेटीआधी आंघोळ करून बसलेले. तिघांना आठवत नव्हतं. सहा जणांनी केली नव्हती, बहुतेक त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं म्हणून. उरल्या धरमपेठेतल्या यमुताई. त्यांच्या सुनेनं, वैदेहीनं, फोन उचलला आणि म्हणाली, आई फोनवर असलं काही बोलणार नाहीत, तुम्ही येऊनच जा.

गुरुवारी दुपारी माया गेली. यमुताई एकसष्ट वर्षांच्या, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त. आजार बावीस वर्षांचा, चाल वॉकरवरची. एसीनं सांधे धरतात म्हणून त्यांच्या खोलीत फक्त पंखा. आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा.

मायानं वहीत रकाने आखून आणले होते. तिनं विचारलं, मी दोन्ही वेळा आले तेव्हा तुमची आंघोळ झालेली होती का.

"सकाळी सहाला झालेली. ती काही चुकत नाही."

"दुपारी? मी यायच्या आधी?"

"आधी करून काय उपयोग?" यमुताई म्हणाल्या. "तू गेल्यावर केली."

स्वयंपाकघराच्या दारात वैदेही उभी होती. ती आत गेली नाही आणि बाहेरही आली नाही.

"दोन्ही वेळा?" मायानं विचारलं. तिचं पेन रकान्यावर टेकलेलं होतं.

"दोन्ही वेळा. पाय धरतेस, कंबरेला धरून उभं करतेस. मग करावीच लागते. जुनी सवय आहे गं, मनावर घेऊ नकोस."

पुढचा प्रश्न वहीत नव्हता. नोंदीसाठी लागेल असं मायानं स्वतःला सांगितलं आणि विचारला. मार्चमध्ये बक्षी सर घरी तपासून गेले होते, त्या दिवशीही केली होती का?

"सुमंतचं वेगळं."

पंखा फिरत राहिला. वैदेही एकदम म्हणाली की सरबत आणते, आणि आत भांड्यांचा आवाज गरजेपेक्षा जास्त झाला. यमुताईंना मात्र काही घडल्यासारखं वाटलं नव्हतं. खुर्चीच्या पाठीवर बळीरामनं शिवलेला पट्टा वाळत होता, त्याच्याकडे हात करून त्या म्हणाल्या, "ते तुझं खसचं मात्र झकास आहे. रोज दुपारी घालून बसते. तासभर डोळे स्वच्छ राहतात."

मायानं रकान्यात लिहिलं: मोजणीनंतर, दोन्ही भेटी. कारणाचा रकाना तिनं आखलेला नव्हता.

वैदेही लिफ्टपर्यंत सोडायला आली. "आईंच्या वतीनं मी," असं म्हणून ती थांबली.

"राहू द्या वहिनी," माया म्हणाली. "माझ्या बत्तीस जणांत सगळ्यात चोख आकडा त्यांचाच आहे."

खरंच होतं ते. रुग्णालयात परतून तिनं आंघोळ न केलेले ते सहा आणि यमुताई अशा सात जणांचे आकडे वेगळे काढले. तिघांना पट्ट्यानं काहीच फरक नव्हता. तिघांना थोडासा. यमुताईंना पूर्ण दोन सेकंदांचा. सगळ्यांची सरासरी काढली तर अर्ध्या सेकंदाच्या वर जरा. सात माणसांवरून काही म्हणता येत नाही, हे ती स्वतः विद्यार्थ्यांना शिकवायची. बत्तीसांचा आलेख संगणकावर अजून तसाच होता, निळ्या रेषांचा, देखणा. तिनं दोन फाइली केल्या. एकीत तो आलेख आणि शेवटी सरांची एक ओळ. दुसरीत सात ठिपके.

घरी जाताना ती बापाच्या दुकानापाशी थांबली. बळीराम एका टाकीत डोकं घालून बसला होता. तिनं सांगितलं तेवढं त्यानं आतूनच ऐकलं. यमुताईंचं तिनं सांगितलं नाही. तो बाहेर आला, हात फडक्याला पुसले.

"म्हनजे माझा पट्टा फेल?"

"फेल नाही बाबा. माहीतच नाही."

"मंग काहून तोंड पाडून राहिली? माहीत नाई तं माहीत नाई सांग." मग जरा थांबून, दुसरीकडे पाहत त्यानं विचारलं, "पुन्याची गाडी किती वाजता राह्यते गा?"

बापाच्या तोंडून हा 'गा' तिच्यासाठी क्वचितच निघायचा. लहानपणी तो तिला मुलासारखं हाक मारायचा, तेव्हाचा. तो दुसरीकडेच पाहत राहिला, म्हणून तीही पाहत राहिली.

शुक्रवारी साडेअकराला विभागाच्या बैठकीच्या खोलीत ती लॅपटॉपसमोर बसली. पडद्यावर पाच चौकटी, पाच माणसं. सर दाराशी उभे. दोन्ही फाइली उघड्या. बोलायला आठ मिनिटं. पहिल्या तीन स्लाइड दोन्हीकडे सारख्याच होत्या: आजार, नागपूरचं ऊन, पट्टा. चौथी येईपर्यंत तिनं ठरवलेलं नव्हतं, असं तिला वाटत होतं. पण बोट सात ठिपक्यांवरच गेलं.

"अर्जात मी लिहिलं होतं की पट्ट्यानं माणसं लवकर चालतात," ती म्हणाली. "ते मला आज म्हणता येत नाही."

मुलाखत इंग्रजीत होती. इंग्रजीत हे वाक्य तिला फार छोटं वाटलं. मग तिनं आंघोळीचं सांगितलं. बत्तीस घरं, बावीस आंघोळी, अंकुशची वीट ते वीट. एका चौकटीतले गृहस्थ हसले आणि लगेच गंभीर झाले. मधल्या चौकटीतल्या पिकल्या केसांच्या प्राध्यापक बाईंनी विचारलं, "म्हणजे तुम्ही अर्ज मागे घेताय?"

"नाही. आलेख मागे घेतेय."

"आणि हे तुम्हाला कधी कळलं?"

"मंगळवारी."

चौकटींमध्ये कोणी काही लिहिलं, कोणी पाणी प्यायलं. हसलेल्या गृहस्थांनी विचारलं, मग आम्ही पैसे कशाला द्यायचे? हाताशी आहे काय तुमच्या? तिनं सांगितलं की बावीस घरांनी तिच्या नकळत एक प्रयोग करून ठेवला आहे, तिनं फक्त त्याची नोंद केलेली नाही. चार बादल्या विहिरीचं पाणी माणसाला किती वेळ चालवतं, हे मोजलेलं तिच्या वाचनात नाही. पट्ट्याची तुलना रिकाम्या गळ्याशी नको, आंघोळीशी व्हायला हवी. कारण आंघोळ लोक करतच आहेत, आणि ती फुकट आहे.

"पण पुढच्या वेळी लोक आंघोळ करणार नाहीत, याची व्यवस्था काय?"

"ते होणार नाही," माया म्हणाली. "इथे माणूस घरी येणार म्हटलं की आंघोळ होणारच. मी कोणाची किती पाण्यानं, किती वाजता, हे लिहीन."

बाईंनी सात ठिपक्यांची स्लाइड परत मागितली. खाली बारीक अक्षरांत सात जणांनी आंघोळ का केली नव्हती ते होतं. सहा ठिकाणी कारण, सातव्या ठिकाणी नुसतं 'मोजणीनंतर'.

"या सातव्यांनी नंतर का केली?"

दाराशी उभे असलेले सर हलले. यमुताई त्यांच्या आईच्या मैत्रीण. त्यांना कळलं असावं. मायानं पडद्याकडे पाहिलं. पाचही जण उत्तराची वाट पाहत होते आणि उत्तर तिच्या जिभेवर होतं.

"त्याचा मोजणीवर परिणाम होत नाही," ती म्हणाली.

बाईंनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न घेतला. मुलाखत संपल्यावर सर खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. "तू शेवटी बोललीसच," म्हणाले, आणि ते नक्की कशाबद्दल, हे तिला कळलं नाही. बाहेर जाता जाता त्यांनी तिच्यासमोरचा रिकामा पाण्याचा ग्लास उचलून भरून आणला.

सोमवारी नवतपा लागला. वर्षातले सगळ्यात जहाल नऊ दिवस. बुधवारी, तिसऱ्या दिवशी, दुपारी मेल आला. निवडलेल्यांची तीन नावं होती आणि त्यात तिचं नव्हतं. पत्र मात्र तिथेच संपलेलं नव्हतं. खाली लिहिलं होतं की तीन वर्षांची फेलोशिप देता येत नाही. पण आंघोळ आणि पट्टा यांची तुलना नव्या आराखड्यानं करायची तयारी असेल, तर जुलैपासून एक वर्षाचा पगार आणि खर्च देण्यात येईल. पुढचं पुढे, मोजमाप पाहून. होकार आठ दिवसांत कळवावा.

एक वर्ष म्हणजे एकच उन्हाळा. पुढचा एप्रिल, पुढचा मे. एक चूक झाली, एखादा रकाना आखायचा राहिला, तर दुरुस्तीला दुसरा उन्हाळा नाही. आणि पुण्याची जागा तर आत्ताच सोडावी लागणार. तिनं पत्र तीनदा वाचलं. मग होकार पाठवला आणि पुण्याला नकार, त्याच क्रमानं, मध्ये न उठता.

बळीरामला फोनवर सांगितलं तेव्हा त्यानं विचारलं, एकच साल? हो, एकच. तो म्हणाला, एका सालात तं आमचा पूरा सीझन निघते, अन् फोन ठेवून दिला.

कंत्राटाचा महिना अजून हातात होता आणि नवतप्याचे सहा दिवस. एकच उन्हाळा मिळणार असेल तर त्याची तालीम याच उन्हात करायला हवी होती. प्रयोगाच्या जुन्या परवानगीत बसेल एवढं करायचं ठरवून तिनं त्या सात जणांना फोन लावले. प्रत्येकाकडे तीन भेटी: एक नुसती, एक पट्ट्याची, एक आंघोळीची. सहा जण हो म्हणाले. सातवा फोन तिनं थोडा लांबवला. मग लावला.

या वेळी यमुताईंनी स्वतःच उचलला. मायानं सगळं समजावून सांगितलं. पलीकडून पंख्याची घरघर येत होती.

"म्हणजे एका दिवशी तू यायच्या आधी आंघोळ करायची."

"हो. अर्धा तास आधी. किती बादल्या ते मी सांगीन."

"करीन." मग जरा थांबून, "नंतरचीही करीन. ती काही तू लिहू नकोस."

"लिहावी लागेल, ताई," माया म्हणाली. "वेळेसकट. आणि कारणासकट. या वेळी रकाना आखलाय."

फोन ठेवला गेला असं तिला वाटलं. तिनं कानापासून दूर धरून पाहिलं, सेकंद पुढे सरकत होते. ते मोजायची सवय असल्यासारखी ती मोजत बसली. एकवीस झाले.

"किती वाजता येशील?" यमुताईंनी विचारलं.

"दोनला. ऊन असताना."